अडीच डॉलरची फिर्याद

निर्धनाला शुल्काविना न्यायालयात दाद मागता यावी, ही तरतूद इंग्लंडमध्ये सातव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १४९५ साली कायद्यात आली. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत तिला कायद्याचे रूप मिळण्यास १८९२ साल उजाडावे लागले. फ्लोरिडाच्या तुरुंगातून क्लॅरेन्स गिडियनने १९६२ साली पेन्सिलीने लिहून पाठविलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने विचारात घेतला, तो निर्धनाचा अर्ज म्हणूनच. पुढच्या वर्षी गंभीर गुन्ह्यातील निर्धन आरोपीचा सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क मान्य झाला. ही कथा सर्वांना आवडते, कारण तिचा नायक जिंकतो.

दुसरी कथा तितकी देखणी नाही. १९९५च्या सुमारास कैद्यांचे दिवाणी दावे वर्षाला ४०,००० च्या घरात गेले होते. त्यांतील पुष्कळसे निरर्थक होते, हे मान्यच करावे लागेल. काही राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांनी अशा दाव्यांचे मासले वृत्तपत्रांपुढे ठेवले. त्यांत सर्वाधिक गाजला तो पीनट बटरचा. कैद्याला दाणेदार हवे होते, मऊ मिळाले, म्हणून त्याने दावा लावला! ऐकणारा हसतो, आणि हसल्यावर पुढे काही विचारीत नाही.

न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी मात्र मूळ फिर्याद वाचली आणि ती १९९६ च्या एका लेखात मांडली. कैद्याने कँटीनमधून दोन बरण्या मागविल्या होत्या. एक चुकीची आली. ती बदलून देण्यासाठी पहारेकऱ्याने परत नेली, तेव्हा कैद्याची काहीच हरकत नव्हती. त्याच रात्री त्याला दुसऱ्या तुरुंगात हलविले गेले. बरणी आली नाही. खात्यातून अडीच डॉलर मात्र वजा झाले. तक्रार चवीची नव्हतीच, न मिळालेल्या वस्तूच्या पैशांची होती. आपण वर्गात सारांशलेखनाला गुण देतो. येथे सारांशाने फिर्यादीचा विषयच पालटला, आणि फसवला गेलेला माणूस हास्यास्पद ठरला.

अशाच मासल्यांच्या जोरावर झालेल्या कायद्यावर २६ एप्रिल १९९६ रोजी बिल क्लिंटन यांनी स्वाक्षरी केली. तेव्हापासून निर्धन कैद्यालाही पूर्ण शुल्क हप्त्यांनी भरावे लागते. शिवाय बेसबॉलमधून उचललेला ‘तीन स्ट्राइक’चा नियम आला: तीन दावे निरर्थक, दुष्ट हेतूचे किंवा कायदेशीर आधार न मांडणारे म्हणून फेटाळले गेले, की हप्त्यांचीही सवलत संपते. अपवाद एकच, गंभीर शारीरिक इजेचा धोका समोर उभा असणे. दावा दाखल करतेवेळी तो धोका हवा. केवळ गेल्या वर्षी झालेली मारहाण त्यात बसत नाही.

यातले तिसरे कारण मला सर्वांत अस्वस्थ करते. दुष्ट हेतू आणि अडाणीपणा एकाच मापाने मोजले जातात. वकिलाविना, जेमतेम शिकलेल्या माणसाने खरी हकिकत कायद्याच्या चौकटीत बसविता आली नाही, एवढ्यानेही स्ट्राइक लागतो. त्याला मुदत नाही. वीस वर्षांपूर्वीचाही मोजला जातो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ठरविले, की फेटाळल्याविरुद्धचे अपील प्रलंबित असले तरी स्ट्राइक लागूच राहतो. २०२० साली त्याने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: कायदेशीर आधार नाही म्हणून फेटाळताना दावा नव्याने दाखल करण्याची मुभा न्यायालयाने राखून ठेवली असली, तरीही तो स्ट्राइकच. असे तीन झाले, की तुरुंगात असेतो पुढच्या दाव्यासाठी जिल्हा न्यायालयात आजच्या दराने ४०५ डॉलर एकरकमी मोजावे लागतात.