महानगरांतील अपघाती मृत्युदर : मोजमापाचा इतिहास

प्रस्तावना

रस्ते-अपघात म्हटले की मुंबई, दिल्लीसारखी गजबजलेली महानगरे नजरेसमोर येतात. मात्र सुपा धरणाजवळच्या गणेशगुडीसारख्या छोट्या वस्तीतून पाहिले असता हाच प्रश्न वेगळा दिसतो. सदर लेखात कायद्याचा व मृत्युदराच्या मोजमापाचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतात मोटार वाहनांविषयीचा देशव्यापी कायदा १९१४ साली झाला. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली आणि १९५६ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्तांच्या भरपाईसाठी दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला.

दरम्यान १९४९ मध्ये ब्रिटिश संशोधक आर. जे. स्मीड यांनी वीस देशांच्या १९३८ च्या आकडेवारीवरून दाखविले की, वाहने वाढतात तसे दर वाहनामागील मृत्यूंचे प्रमाण घटते. म्हणजेच मृत्यूंच्या संख्येला वाहनांनी भागले तर समाधानकारक वाटणारे चित्र लोकसंख्येने भागल्यावर तसे राहीलच असे नाही. भाजक कोणता, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

विश्लेषण

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात होऊन १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले. पैकी दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या ५० शहरांत ७६,७५२ अपघात व १७,०८९ मृत्यू झाले. दर शंभर अपघातांमागे या शहरांत सुमारे २२, तर उर्वरित देशात सुमारे ३९ मृत्यू होतात. शहरांत किरकोळ अपघातांचीही नोंद अधिक होत असावी, हे गृहीत धरले तरी तफावत दुर्लक्षिता येणार नाही. गर्दीमुळे वेग मंदावतो व रुग्णालय जवळ असते. त्याच वर्षी ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाशी निगडित होते.

निष्कर्ष

महानगरांत अपघात अधिक डोळ्यांत भरतात, पण त्यांबाहेर ते अधिक जीवघेणे ठरतात. जेथे रुग्णवाहिका उशिरा पोहोचते, तेथे पहिला वाटसरूच जखमीचा आधार असतो. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ कायद्यात आले. दुचाकीवरून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांना हेल्मेटइतकेच हे कलमही ठाऊक असावयास हवे. ते वर्गात सांगण्याची जबाबदारी आपणा प्राध्यापकांची आहे.