चांदी घासणारे हात



या व्यासपीठावरून साम्राज्यांचे आणि क्रांत्यांचे इतिहास सांगितले जातात. आम्ही आज काळवंडलेली चांदी घरच्या घरी उजळण्याचा इतिहास सांगणार आहोत. विषय ऐकून कोणी हसले तर आमची तक्रार नाही. हा विषय आम्ही निवडलेला नाही. तो आमच्या घरी चालून आला.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे वडील होते. पगार थांबला, तशी आई चार घरची धुणीभांडी करू लागली. त्यांपैकी एका घरी देवपूजेचे चांदीचे तबक होते. दर सणाला ती ते राख आणि चिंच लावून लख्ख करी. दोन वर्षांनी गौरी-गणपतीच्या सुमारास तबकाच्या कडेला तांबूस रंग दिसू लागला. अस्सल तबक लांबवून मुलाम्याचे आणून ठेवले, असा आळ आईवर आला आणि ते काम गेले. आळ खोटा होता हे आम्हांला ठाऊक होते. पण चांदीतून तांबे निघाले कसे, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. शाळा लवकर सुटली. उत्तर पुढे वाचनालयाच्या बाकावर बसून, तुकड्यातुकड्यांनी मिळाले. तेच आपल्यापुढे मांडतो.

प्रथम हा काळेपणा म्हणजे काय ते पाहू. लोखंडाचे वैर प्राणवायूशी आणि पाण्याशी. चांदीचे वैर गंधकाशी. कोळशाचा धूर, अंडे, लोकर, रबर यांतून गंधकाची संयुगे हवेत येतात. त्यांची चांदीशी गाठ पडली की तिच्यावर काळा थर धरतो. रसायनशास्त्रात त्याला सिल्व्हर सल्फाइड म्हणतात. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, हा थर म्हणजे बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हे. त्या काळ्यात चांदीच आहे. चिंचेचा आंबटपणा तांब्यापितळेवर चांगला चालतो. चांदीच्या या काळ्यावर त्याचा फारसा इलाज नाही. तेथे काम करतात ती राख, रांगोळी, दंतमंजन आणि मनगट. म्हणजे दर घासणीला आपण थोडी चांदी खरवडून मोरीत सोडतो.

भांडे भरीव चांदीचे असेल तर ही झीज पिढ्यान्‌पिढ्या खपून जाते. मुलाम्याच्या भांड्यात खपत नाही. १७४३ च्या सुमारास इंग्लंडात शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हर या कारागिराला तांब्यावर चांदीचा पत्रा उष्णतेने एकजीव करण्याची युक्ती सापडली. पुढे १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा चढवण्याचे पेटंट घेतले. चांदीची शोभा मध्यमवर्गाच्या घरात आली, परंतु ती केसाच्या जाडीहूनही पातळ होती. आईने काही चोरले नव्हते. तिने नेमून दिल्याप्रमाणे घासले होते. आणि जितके इमानाने घासले, तितके तांबे लवकर दिसले.

ही घासणी करीत कोण होते? इंग्लंडातील बड्या घरांत हे काम नोकरांकडे असे. लोखंडाच्या गंजासारखी तांबडी बारीक भुकटी, तिला रूज म्हणत, ती उघड्या बोटांनी चोळावयाची. बोटांना फोड येत, ते फुटत, तरी चोळणे थांबत नसे. अखेर कातडी निबर होई. अशा हातांना तेथे ‘प्लेट हँड्स’ असे नावच पडले होते. बाजारी भुकट्यांपैकी काहींत पारा असे. त्याने चकाकी झटकन येई, पण चांदी बिघडे. चोळणाऱ्याच्या अंगात काय जाई, याची चौकशी कोण करतो?

मिसेस बीटन यांचे गृहव्यवस्थेवरील प्रसिद्ध पुस्तक १८६१ साली निघाले. सांबरशिंगाची भुकटी पाण्यात किंवा मद्यार्कात कालवून चांदीला लावावी, वाळल्यावर मऊ ब्रशाने झाडावी, अशी रीत त्यात आहे. ते पुस्तक मालकिणींसाठी होते. परंतु त्याच्या ३४ वर्षे आधी, १८२७ साली, अमेरिकेत बॉस्टन येथे ‘द हाउस सर्व्हन्ट्स डिरेक्टरी’ हे पुस्तक छापले गेले. ते लिहिणारा रॉबर्ट रॉबर्ट्स हा कृष्णवर्णी गृहस्थ मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर ख्रिस्टोफर गोर यांच्याकडे बटलर होता. देशाच्या दक्षिण भागात तेव्हा गुलामगिरी कायद्याने चालू होती. जोसेफ आणि डेव्हिड या दोन तरुणांना उद्देशून तो पहाटे उठण्यापासून दिवे, चाकूसुऱ्या व चांदी साफ करण्यापर्यंत सारे शिकवतो. आणि नोकरांशी माणुसकीने वागा, असे मालकांनाही बजावतो. घासणाऱ्या हाताने लेखणी धरली, म्हणून आम्ही या पुस्तकाला मान देतो.

आता शेवटचा तुकडा. ॲल्युमिनियम एके काळी चांदीच्या तोलाची धातू होती. १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर ती मानाने बसवली गेली. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्सात एरू यांनी, एकमेकांस न कळता, विजेच्या साहाय्याने ती स्वस्तात काढण्याची रीत शोधली. १८९८ साली आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासेत तिची भांडी घडवण्यास आरंभ केला. आमच्या लहानपणी चाळीत घरोघरी ‘जर्मनचे’ पातेले होते ते हेच.

या पातेल्यात चांदीची वस्तू तळाला टेकेल अशी ठेवावी. चमचाभर खाण्याचा सोडा व थोडे मीठ टाकून वर उकळते पाणी ओतावे. ॲल्युमिनियम चांदीपासून गंधक हिरावून घेते. नासक्या अंड्यासारखा वास येतो आणि काळे पडलेले पुन्हा चांदी होते. झीज होते ती पातेल्याची. म्हणून ते जुने, स्वयंपाकातून बाद झालेले असावे. खडे जडवलेले, मीनाकामाचे वा नक्षीत मुद्दाम काळे भरलेले दागिने मात्र यात घालू नयेत. मुलामा एकदा झिजून गेला असेल, तर तोही या युक्तीने परत येत नाही. गरिबाच्या धातूने श्रीमंताच्या धातूला उजळावे आणि स्वतः झिजावे, हा न्याय आम्हां चळवळीतल्या माणसांना ओळखीचा वाटतो.

महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली जिनीव्हात संमत झाला. चांगले झाले. पण चकाकीचे श्रेय मालकाला आणि झिजेचा आळ घासणाऱ्याला, हा हिशेब घराघरांतून बदलावयाचा आहे. कोणावर संशय घेण्यापूर्वी आपले भांडे भरीव आहे की मुलाम्याचे, एवढे तरी सोनाराला विचारावे.

काही वर्षांपूर्वी आईची काळी पडलेली जोडवी आम्ही तिच्यासमोरच अशी उजळली. ती बराच वेळ पातेल्यात पाहत राहिली. मग आम्ही तबकाचे कोडे तिला उलगडून सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे चोरीला नाही, मोरीला गेलं होय रे ते!”

एवढे बोलायला तिला तीस वर्षे थांबावे लागले.