कानाक आणि तेथील स्लेजचे कुत्रे

वायव्य ग्रीनलंडमधील कानाक हे गाव १९५३ मध्ये वसले, कारण थुले येथील अमेरिकी हवाई तळासाठी डेन्मार्कच्या प्रशासनाने उम्मानाक या जुन्या वस्तीतील इनुघुइत, म्हणजे तेथील इनुइट शिकारी, कुटुंबांना शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेस हलवले. याला स्थलांतर म्हणणे फारच सौम्य ठरेल. ही कुटुंबे स्लेजवर, म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या बिनचाकी घसरगाडीवर, संसार लादून निघाली.

अलास्काच्या जंगलवाटांवर कुत्रे जोडीजोडीने एकामागे एक जुंपतात. येथे मात्र गोठलेल्या समुद्रावर प्रत्येक कुत्र्याला स्वतंत्र दोर असून सगळे पंख्यासारखे पसरून धावतात, त्यामुळे बर्फाला तडा दिसला की प्रत्येकाला आपापली जागा निवडता येते आणि भारही एकाच ठिकाणी पडत नाही. धावता धावता कुत्रे बाजू बदलतात, दोरांची वेणी पडते आणि ती सोडवण्यासाठी हाकणाऱ्याला कडाक्याच्या थंडीत हातमोजे काढावे लागतात. वसंतात बर्फाचे कण धारदार झाले, की कुत्र्यांच्या पंजांना सीलच्या कातड्याचे बूट चढवतात. सील आणि वॉलरस यांचे मांस हेच त्यांचे मुख्य अन्न असल्याने शिकारी कुत्र्यांवर आणि कुत्रे शिकारीवर जगत आले.

पुढे मोटारीवर चालणाऱ्या बर्फगाड्या आल्या आणि ग्रीनलंडभर स्लेजच्या कुत्र्यांची संख्या घटली. तरीही ध्रुवीय अस्वलाच्या शिकारीसाठी अशा गाड्या वापरण्यास तेथील कायद्याने मनाई आहे.