सीमेवरची गावे आणि घरचे कागद

आदिलाबाद जिल्हा निजामी राजवटीत १९०५ साली स्थापन झाला. राजुरा व किनवट हे मराठीबहुल तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते नांदेडला जोडले गेले. १९५९ मध्ये राजुरा चांद्यात गेला. आपली घरे मात्र अलीकडेच राहिली.

तालुके वाटले गेले, पण डोंगरातील वस्त्यांची सीमा पक्की झाली नाही. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर आदी १४ गावे महाराष्ट्र जिवती तालुक्यात मोजतो, तर तेलंगण केरामेरी मंडलात. हे मंडल २०१६ च्या जिल्हा-विभाजनात आसिफाबादकडे गेले. मराठवाड्यातून पोटासाठी आलेली अनेक कुटुंबे तेथे नांदतात. त्यांच्यापाशी दोन राज्यांची शिधापत्रिका आणि दोन मतदार ओळखपत्रे असतात. पण कसत्या जमिनीचा पक्का पट्टा अनेकांपाशी नाही.

सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या आम्हांस यात नवल वाटत नाही. दफ्तराच्या लेखी गाव म्हणजे नोंद. नोंद नसेल तर चार पिढ्यांचा घामही पुराव्यास अपुरा पडतो.

आपल्या पेट्यांतूनही मोडीतील खते, उर्दूतील पहाणीच्या नकला आणि तेलुगू पासबुके एकत्र नांदत आहेत. आजोबांचे कागद नातवंडांना वाचता येत नाहीत. ती लिपी जाणणारे वृद्ध अद्याप आपल्यात आहेत, तोवर प्रत्येक घराने त्या कागदांचे मराठीत लिप्यंतर करून ठेवावे, एवढीच आमची विनंती.