नसलेल्या चिलखताची मालकी

जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन खेळ-कंपनीने आपल्याच चाहत्यांचा रोष ओढवून घेतला, ती हकिकत बरीच गाजली. वरवर पाहता हा वाद परवान्याचा आणि पैशाचा होता. पण त्याच्या पोटात इतिहासलेखनातील एक जुनी चूक दडलेली आहे, आणि आम्हाला त्या वादापेक्षा ही चूकच अधिक रंजक वाटते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणला. कागद, पेन्सिल, फासे आणि कल्पनाशक्ती एवढेच त्याचे भांडवल. खेळणाऱ्याने एखादे पात्र धारण करायचे, त्याला शस्त्र-चिलखत घ्यायचे आणि मध्ययुगाच्या धर्तीवर रचलेल्या एका जगात भटकायचे. मूळ कंपनी १९९७ साली विझार्ड्सने विकत घेतली. २००० साली नव्या मालकांनी एक मुक्त परवाना जाहीर केला, आणि त्याच्या आधारे कोणालाही हे नियम वापरून आपली पुस्तके छापता येऊ लागली. शेकडो लहान प्रकाशकांचा संसार त्या परवान्यावर उभा राहिला. २०२३ च्या आरंभी नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द व्हायचा होता आणि साडेसात लाख डॉलरांच्या वरच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा कंपनीला द्यावा लागणार होता. एवढा गदारोळ झाला की २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना कायम राहिलाच, शिवाय नियमसंहिता क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली सर्वांना खुली झाली.

ज्या संहितेसाठी हे सारे रामायण घडले, तिच्यात चिलखतांचा एक तक्ता आहे. नाव, किंमत, संरक्षणाचा आकडा, वजन अशी त्याची मांडणी वाण्याच्या भावफलकासारखी नेटकी. या तक्त्यात ‘स्टडेड लेदर’, म्हणजे टिकल्या ठोकलेले चामडे, आणि ‘रिंग मेल’, म्हणजे चामड्यावर सुट्या कड्या शिवलेले चिलखत, अशी दोन नावे आहेत. मध्ययुगीन युरोपातील योद्धे असली चिलखते घालून लढत, असे शस्त्रास्त्रांचे आजचे अभ्यासक मानत नाहीत.

मग ती आली कोठून? ‘रिंग मेल’चा माग घेत गेले की आपण सॅम्युएल रश मेरिक या इंग्रज गृहस्थापाशी पोहोचतो. पेशाने वकील, वृत्तीने संग्राहक. १८२४ साली त्याने प्राचीन चिलखतांवर तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, पुढे लंडनच्या टॉवरमधील संग्रहाची कालानुक्रमे मांडणी केली, आणि १८३२ साली त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. या विषयाला शास्त्राची शिस्त लावणारा तो पहिला माणूस, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. मात्र जुन्या चित्रांवर त्याने फार भाबडा विश्वास ठेवला. बायोच्या प्रसिद्ध भरतकामात (तेथे १०६६ सालच्या स्वारीची कथा आहे) योद्ध्यांच्या अंगावर कोठे वर्तुळे टाचलेली दिसतात, कोठे आडव्यातिडव्या रेघांची जाळी. वस्तुतः एकमेकांत गुंतवलेल्या हजारो कड्यांचे चिलखत सुईदोऱ्याने दाखवण्याच्या या निरनिराळ्या सोयी होत्या. मेरिकने प्रत्येक सोयीला एकेका स्वतंत्र चिलखताचा दर्जा दिला. कड्यांचे वेगळे, जाळीचे वेगळे, पट्ट्यांचे वेगळे! कमळ काढण्याच्या रांगोळीतल्या चार रीती पाहून कोणी कमळाच्या चार जाती ठरवाव्यात, तशातला प्रकार.

शब्दांचीही अशीच गंमत. ‘मेल’ या शब्दाचे मूळ जाळीच्या डोळ्याचा अर्थ देणाऱ्या लॅटिन शब्दात आहे. म्हणजे ‘चेन मेल’ हा आपल्या पिवळ्या पीतांबराचा सख्खा भाऊ. ‘प्लेट मेल’ तर त्याहून कठीण, कारण सलग पत्रा आणि विणलेली जाळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तरीही हे नाव खेळाच्या पुस्तकांत कित्येक वर्षे सुखाने नांदले.

वजनाच्या बाबतीत मात्र खेळापेक्षा चित्रपटाचे पाप मोठे. तक्त्यात पूर्ण पत्र्याचे चिलखत ६५ पौंडांचे, म्हणजे साडेएकोणतीस किलोंचे आहे. प्रत्यक्षात रणांगणावरचा पूर्ण संच साधारण १५ ते २५ किलोंचा असे, आणि तो भार सर्वांगावर वाटलेला असे. स्पर्धेतल्या द्वंद्वाची चिलखते याहून जड होती, पण ती काही लढाईला नेत नसत. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९४४ च्या ‘हेन्‍री द फिफ्थ’मध्ये फ्रेंच सरदाराला यारीने उचलून घोड्यावर बसवलेले दाखवले, आणि ते दृश्य लोकांच्या मनात कायमचे बसले. हा चित्रपट १४१५ च्या आझँकूरच्या लढाईचा. त्या लढाईत कैद झालेल्या बूसिको या फ्रेंच सेनानीच्या समकालीन चरित्रात, तो चिलखत घालून कोलांट्या मारी आणि शिडीच्या उलट्या बाजूने नुसत्या हातांवर वर चढे, असे वर्णन आहे!

आता टिकल्यांचे चामडे. थडग्यांवरील शिल्पांत आणि चित्रांत अंगरख्यावर ठिपक्यांच्या रांगा दिसतात, त्या खऱ्याच आहेत. पण त्या शोभेच्या टिकल्या नव्हेत. कापडाच्या किंवा चामड्याच्या आतून लोखंडी पत्रे रिव्हेट करून बसवलेले असत आणि बाहेरून फक्त रिव्हेटांची डोकी दिसत. संरक्षण करणारा भाग दृष्टीआड राहिला आणि दिसणारी डोकीच पुढे चिलखत म्हणून मिरवू लागली. नुसत्या टिकल्या ठोकून चामडे मजबूत होत नाही. दोन टिकल्यांमधून भाल्याचे टोक जायचे ते जातेच.

याचा भरभक्कम पुरावा स्वीडनमधील गोटलंड बेटावर मिळाला. १३६१ च्या जुलैत डेन्मार्कच्या राजा वाल्देमारच्या सैन्याने व्हिस्बी शहराच्या तटाबाहेर तेथील शेतकऱ्यांची अक्षरशः कत्तल केली. प्रेते इतकी होती आणि उन्हाळा असा की पुष्कळांना अंगावरच्या चिलखतांसह सामुदायिक खड्ड्यांत पुरले गेले. एरवी मेलेल्याच्या अंगावरचे लोखंड कोण सोडतो? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते खड्डे उकरले गेले. तेव्हा कापड-चामडे कुजून गेलेले होते, आणि हाडांभोवती शिल्लक होते ते आतले पत्रे. चित्रकारांना आणि शिल्पकारांना जे दाखवता आले नव्हते, नेमके तेच. बेंगट थोर्डेमन यांनी त्यांचा सविस्तर अहवाल १९३९-४० मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे १९७८ साली गायगॅक्सने ‘स्टडेड लेदर’ आपल्या यादीत छापले तेव्हा हा अहवाल जवळजवळ चाळीस वर्षांचा होता.

तक्ता पुढे संगणकीय खेळांनी उचलला. १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये टिकल्यांचे चामडे आहे आणि २०२३ च्या तिसऱ्या भागातही आहे. खेळाला इतिहासाची सक्ती नसते, हे आम्हाला मान्य आहे. तेथे ड्रॅगन उडतात, तर चामड्याने काय घोडे मारले? पण ड्रॅगन खरा होता असे कोणी मानत नाही, आणि टिकल्यांचे चामडे खरे होते असे मानणारे पुष्कळ भेटतात.

संहितेच्या नव्या परवान्यानुसार आता तो तक्ता कोणीही छापू शकतो, विकूही शकतो. अट एवढीच की विझार्ड्स ऑफ द कोस्टचा नामोल्लेख करावा. मेरिकचा करण्याची अट नाही.