घरची वीज आणि गावची वीज

शहरातील दिवे अकस्मात मालवले आणि क्षणार्धात एखाद्या इमारतीच्या आवारातून एंजिनाची घरघर ऐकू येऊ लागली, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात सहज असा विचार येतो की, सार्वजनिक वीज ही मूळची, आणि ती दगा देऊ लागली म्हणून तिला घरगुती जनित्राची पुरवणी जोडावी लागली. समजूत स्वाभाविक असली तरी इतिहासाला धरून नाही. घरची वीज ही थोरली बहीण आणि गावची वीज धाकटी. धाकटीने थोरलीला घराबाहेर घालविले. पुढे धाकटी आजारी पडू लागली तेव्हा थोरलीला पुन्हा बोलावणे गेले, असा हा सुमारे दीडशे वर्षांचा प्रपंच आहे.

एडिसनने न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटवरचे आपले वीजघर ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू केले. पहिल्या दिवशी गिऱ्हाइके होती ८५ आणि दिवे सुमारे ४००. त्याची वीज एकाच दिशेने वाहणारी व कमी दाबाची असल्यामुळे ती फार दूर नेणे परवडत नसे. त्यामुळे पेढ्यांच्या वस्तीत विजेचे दिवे लागले तरी पेढीवाल्यांच्या राहत्या घरी गॅसच जळत होता. ज्याला घरी विजेचा दिवा हवा असेल त्याने बॉयलर, एंजिन आणि डायनामो ही सारी बिऱ्हाडे आपल्या आवारातच वसवावी, याखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

एडिसनच्या उद्योगात ज्यांचा पैसा गुंतलेला होता त्या जे. पी. मॉर्गन या सावकाराने हेच केले. मॅडिसन ॲव्हेन्यूवरील २१९ क्रमांकाच्या आपल्या घरामागे तबेला होता. त्याच्याखाली तळघर खणून तेथे यंत्रे बसविण्यात आली आणि अंगणातून विटांचे भुयार काढून त्यातून तारा घरात आणल्या गेल्या. रोज दुपारी तीन वाजता एक जाणता यंत्रकार येई, वाफ तयार करी आणि दिवेलागणीला घर उजळून टाकी. रात्री अकरा वाजता त्याची पाळी संपे. घरच्या मंडळींचे घड्याळाकडे दुर्लक्ष झाले म्हणजे पत्त्यांचा डाव ऐन रंगात असताना दिवे एकदम विझत. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये केवळ विजेच्या दिव्यांवर चालणाऱ्या या पहिल्या घरात वीज जाण्याचा अनुभवही पहिल्या वर्षापासूनच घेतला जात होता!

मॉर्गनची शेजारीण श्रीमती ब्राउन हिच्या वाट्याला मात्र त्या घरातला उजेड आला नाही. आला तो केवळ हादरा. यंत्रे सुरू झाली की आपले घर थरथरते, अशी तिने तक्रार केली. मॉर्गनने यंत्रांखाली जाड अस्तर घातले, भोवती वाळूची पोती रचली. त्याने हादरा कमी झाला; पण हिवाळ्यात त्या भुयारावरची जमीन ऊबदार राही, तेव्हा पेठेतली सारी मांजरे तेथे जमून गळा काढू लागली आणि शेजाऱ्यांच्या कुरकुरीला नवे निमित्त मिळाले. पुढे मॉर्गनच्या वाचनकक्षात तारांच्या दोषामुळे आग लागून त्याचे लिहिण्याचे मेज जळाले. तरीही त्याने वीज सोडली नाही. व्हॅन्डरबिल्ट या दुसऱ्या धनिकाच्या घरी त्याच सुमारास अशीच किरकोळ आग लागली. तेव्हा तळघरात बॉयलर आहे हे घरच्या बाईंना प्रथमच समजले. बॉयलरच्या डोक्यावर आपण संसार करणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले आणि ती सारी यंत्रसामग्री उचलून न्यावी लागली. एडिसनने ही हकीकत पुढे स्वतःच सांगून ठेवली आहे. इतिहासकार मॉर्गनच्या धाडसाचे कौतुक करतात. पण यंत्र कोठे बसवावे या प्रश्नाची खरी जाण त्या बाईंना अधिक होती, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

दिशा बदलणारी वीज दाब चढवून लांबवर नेता येते, हे सिद्ध झाल्यावर शहरांतील अशी घरगुती बिऱ्हाडे भराभर मोडली. पण खेड्यापाड्यांपर्यंत तारा पोचावयास फार काळ लागला. मधल्या काळात अमेरिकेतील शेतकऱ्याच्या उपयोगी पडले ते चार्ल्स केटरिंग याचे ‘डेल्को-लाइट’. मोटारीला विजेने सुरू करण्याची युक्ती ज्याने काढली तो हाच. तो स्वतः ओहायोतील शेतकऱ्याचा मुलगा होता. १९१६ साली त्याने रॉकेलवर चालणारे लहानसे एंजिन, त्याला जोडलेला डायनामो आणि काचेच्या भांड्यांतील सोळा घटांची ३२ व्होल्टची बॅटरी, असा संच बाजारात आणला. एंजिन दिवसा काही वेळ चालवावे, बॅटरी भरून घ्यावी आणि रात्री निःशब्द उजेडात जेवावे, ही त्यातली खुबी. मग १९३५ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते निर्माण केले, तेव्हा तेथील शेतघरांपैकी दहांत जेमतेम एका घरी तारेवरची वीज होती. पुढल्या वीस वर्षांत ती बहुतेक सर्वत्र गेली आणि केटरिंगचे संच कोठारात धूळ खात पडले.

हिंदुस्थानात हीच कथा निराळ्या क्रमाने घडली. मुंबईच्या गिरण्या आपापल्या बॉयलरांवर चालत. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत्‌गृह सुरू झाले आणि सह्याद्रीवरचे पावसाचे पाणी गिरण्यांचे साचे फिरवू लागले. खेड्यांत मात्र डिझेल एंजिनाचेच राज्य राहिले. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले एंजिन यशस्वी करून दाखविले. महाराष्ट्राच्या अंगणात ते रुजले किर्लोस्करांच्या नावाने. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची स्थापना झाली. या एंजिनाने विहिरीचे पाणी उपसले, पिठाची गिरणी चालविली आणि जत्रेत तंबूतला सिनेमाही दाखविला. ज्या गावात एकाही घरी विजेचा दिवा नव्हता, त्या गावाने पडद्यावरच्या नटनट्या मात्र जनित्राच्या कृपेने पाहिल्या होत्या.

थोरल्या बहिणीला पुन्हा बोलावणे गेले त्याला एक निश्चित तारीख सांगता येते. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी सायंकाळी नायगाराजवळच्या सर ॲडम बेक वीजघरातील तारांचे रक्षण करणारी एक कळ अकारण सुटली. तिच्या तारेवरचा भार शेजारच्या तारांवर पडला, त्या तारांनी तो पुढल्या तारांवर ढकलला आणि काही मिनिटांत न्यूयॉर्कसह सुमारे तीन कोटी लोक अंधारात बुडाले. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत सुमारे आठ लाख उतारू अडकले. सुदैवाने आकाश निरभ्र होते आणि पौर्णिमेचे चांदणे पडले होते. वीजघरे पुन्हा चालू करावयास गेले तो निराळेच संकट उभे राहिले. वीजघर सुरू करावयाला पंप आणि पंखे लागतात, त्यांना वीज लागते, आणि ती तर कोठेच नव्हती! वीज निर्माण करणाऱ्याच्या घरीही स्वतःचे जनित्र हवे, हा धडा त्या रात्री मिळाला.

पण जनित्र घेणे निराळे आणि ते योग्य जागी बसविणे निराळे. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळाचे पाणी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात शिरले. जनित्रे तेराव्या मजल्यावर सुरक्षित होती; त्यांना तेल पोचविणारे पंप मात्र तळघरात बुडाले. माणसांची साखळी करून जिन्याने हातोहात तेल वर चढवावे लागले, आणि अखेर रुग्णालय रिकामे करणे भाग पडले. २००५ साली कॅटरिना वादळ ओसरल्यावर अनेक कुटुंबांनी पेट्रोलवर चालणारी लहान जनित्रे घरात किंवा खिडकीलगत चालविली. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंगही नसतो आणि वासही नसतो. वादळातून वाचलेली कित्येक माणसे झोपेतच गेली.

महाराष्ट्रात या शतकाच्या आरंभी भारनियमन हा शब्द मुलाबाळांच्या तोंडी बसला. शहरांतील सहकारी गृहसंस्थांच्या सभांत तेव्हा ज्या चर्चा झाल्या त्या श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या स्मरणात असतील. जनित्र साऱ्या घरांसाठी घ्यावे की केवळ लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यापुरते? पंपाची मोटर सुरू होताना चालू असतानाच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते; हे ध्यानात न घेता केवळ दिव्यांची व पंख्यांची बेरीज करून घेतलेले यंत्र पहिल्याच संध्याकाळी गुडघे टेकते. दुसरी गोष्ट अदलाबदलीच्या स्विचची. वीजमंडळाची तार तोडल्याशिवाय जनित्राची तार जोडलीच जाणार नाही, अशी ती रचना असते. ती टाळली तर घरची २३० व्होल्टची वीज उलट वाहत रोहित्रात शिरते आणि पलीकडे ११,००० व्होल्ट होऊन निघते. तेथे खांबावर चढलेला तारवाला, तार मेलेली आहे अशा समजुतीने तिला हात घालतो. हजार-दीड हजार रुपये वाचविण्यासाठी दुसऱ्याच्या संसारावर घातलेला हा घाला होय. याला काटकसर म्हणता येत नाही. श्रीमती ब्राउनच्या तक्रारीला मात्र दाद मिळाली. २००५ पासून भारतात बनणाऱ्या जनित्रांना आवाज कोंडणारी पेटी आणि एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलची मर्यादा कायद्याने लागू झाली. तिच्या गाऱ्हाण्यानंतर सव्वाशे वर्षे जावी लागली, एवढेच.

तरीही बंगल्यात उजेड आणि शेजारच्या चाळीत अंधार व वर त्या उजेडाचा धूर, हे दृश्य काही पालटले नाही. अशा काळात, २००६ च्या जूनमध्ये, पुण्यात एक निराळा प्रयोग झाला. तेथील कारखान्यांत स्वतःची मोठी डिझेल जनित्रे उभी होती. टंचाईच्या वेळी कारखान्यांनी ती चालवावी, तेवढी वीज तारेवरून घेऊ नये आणि वाचलेली वीज शहराला द्यावी, असे ठरले. डिझेलचा वाढीव खर्च दरमहा ३०० युनिटांहून अधिक वीज वापरणाऱ्या गिऱ्हाइकांकडून घेण्यात आला. नियामक आयोगाने संमती दिली आणि पुणे शहर भारनियमनातून सुटले. ही व्यवस्था कायमची टिकली नाही, आणि सभोवतालची खेडी अंधारातच राहिली ही तिची उणी बाजूही लपविण्यासारखी नाही. परंतु खासगी जनित्राचा उजेड कुंपणाबाहेर पडला, तो येथे.

आता बहुतेक मध्यमवर्गीय घरांत एंजिनाची जागा इन्व्हर्टर आणि बॅटरीने घेतली आहे. ती केटरिंगचीच युक्ती. फरक इतकाच की, घट भरण्याचे काम एंजिनाऐवजी तारेवरची वीज करते. आणि पुष्कळ छपरांवर सूर्यप्रकाशाची तावदाने बसली असून त्यांची उरलेली वीज गावच्या तारेत जाते व बिलातून वजा होते. मात्र गावची वीज गेली की बॅटरी नसलेली ही तावदाने आपणहून बंद पडतात. तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या हाती उलटी वीज जाऊ नये म्हणून ती तशीच घडविलेली आहेत. त्यामुळे वैशाखातल्या भर दुपारी छपरावर ऊन रणरणत असताही खालच्या खोलीतला पंखा थांबतो, आणि घरातली मंडळी तारवाल्याचे काम उरकेपर्यंत हाती पंखा घेऊन वारा घालीत बसतात.