कडवंचीचे बांध आणि क्योटोचा हिशेब

जालना तालुक्यातील कडवंची आज द्राक्षे व शेततळी यांसाठी ओळखली जाते. १९९६ च्या सुमारास तेथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. पैसा जर्मन सरकारचा, तो आला नाबार्डमार्फत. काम खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने व गावकऱ्यांनी केले. श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी या कार्यक्रमाच्या अटी होत्या.

त्याच सुमारास जगात एक वेगळा व्यवहार आकार घेत होता. १९९७ च्या क्योटो कराराने श्रीमंत देशांना मुभा दिली, की विकसनशील देशातील प्रकल्पाला पैसा द्यावा आणि तेथे घटलेले हरितगृह वायू आपल्या खात्यावर मांडावेत.

मग कडवंचीची माती जर्मनीच्या खात्यात जमा झाली का? नाही. तो पैसा मदतीचा होता, मोबदल्याचा नव्हता. शिवाय २००१ साली माराकेश येथे ठरलेल्या नियमांत जमिनीच्या कामांपैकी फक्त वनलागवड व पुनर्वनीकरण बसले. शेतमातीत साठणारा कर्ब बसला नाही.

हा भेद आपण वर्गात नीट सांगायला हवा. मोबदल्याच्या व्यवहारात इकडे वाचलेल्या प्रत्येक टनामागे तिकडे एक टन सोडण्याची सवलत मिळते. म्हणून "त्या पैशाशिवाय हे काम झालेच असते का?" हा प्रश्न कळीचा ठरतो. झाले असते, तर कागदावर बरोबरी दिसते आणि हवेत मात्र भर पडते. कडवंचीचा हिशेब साधा होता: विहिरीला पाणी किती दिवस टिकते, हे गावालाच मोजता येत होते.